दोन्हीकडे शुगर आहे, मग माझ्या खाण्याने बाळाचं काही ठरतं का?

तुझं सगळं नीट वाचलं. चौथा महिना लागलाय, दिवस राहिले तेव्हा वजन ४४ किलो होतं, तुझे वडील आणि सासरे दोघांनाही शुगर आहे, घर माळकरी आहे त्यामुळे अंडंसुद्धा घरात येत नाही, सासूबाई म्हणतात आता दोन जिवांची आहेस तर दोघांचं खा, आणि आई फोनवर सांगते की फार खाऊ नकोस, पोर पोटात मोठं झालं तर सिझर करावं लागेल. आणि या सगळ्यात तुझा प्रश्न असा की मी आत्ता जे खाते त्यावर बाळाला मोठेपणी शुगर होणार की नाही हे ठरतं का. मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात गेली २४ वर्षं गरोदर बायकांच्या ओपीडीत बसते, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

उत्तर आधी देते आणि मग कारणं. ठरत नाही, पण कल नक्की पडतो. आणि तो कल तू किती खातेस यापेक्षा काय खातेस यावर जास्त अवलंबून आहे, आणि तुझी स्वतःची शुगर या नऊ महिन्यांत कशी राहते यावर. सासूबाई आणि आई दोघीही प्रेमानेच सांगतायत पण दोघी फक्त माप मोजतायत, ताटात काय आहे ते कुणीच बघत नाहीये.

आता तुझी पहिली भीती, की शुगर खानदानी आहे मग काय उपयोग. खानदानी आहेच, नाही म्हणत नाही. पण अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पिमा म्हणून आदिवासी जमात आहे, त्यांच्यात मधुमेह प्रचंड, तिथे संशोधकांनी एकाच आईच्या पोटची भावंडं बघितली. काही मुलं आईला शुगर निघायच्या आधी जन्मलेली, काही नंतर जन्मलेली. आई तीच, बाप तोच, घर तेच, खाणंपिणं तेच. तरी शुगर निघाल्यानंतर जन्मलेल्या भावंडांमध्ये मधुमेहाची शक्यता साधारण पावणेचार पट निघाली, सन २००० मध्ये हे छापून आलं. म्हणजे वारशाने आलेले जीन्स सोडून पोटातल्या नऊ महिन्यांचाही स्वतःचा असा वाटा आहे. कारण साधं आहे, आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते पण आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाला स्वतःचं इन्शुलिन जास्त बनवावं लागतं, आणि इन्शुलिन म्हणजे चरबी साठवायला सांगणारा हार्मोन, पोर जन्माआधीच चरबी साठवायला शिकतं.

हे झालं जास्त साखरेचं. पण आपल्याकडची खरी गंमत, गंमत म्हणजे खरं तर काळजीची गोष्ट, वेगळीच आहे आणि ती पुण्याच्याच आसपासच्या गावांत सापडली. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायकांचा अभ्यास सुरू केला, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर. बायका शेतात राबणाऱ्या, बारीक, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तुझ्याएवढंच. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची आणि साउथॅम्प्टनची गोरी बाळं ३.५ किलोची. इथपर्यंत कुणालाच नवल वाटलं नाही. पण मग त्यांनी बाळांच्या खांद्यामागची कातडी कॅलिपरच्या चिमटीत धरून तिची जाडी मोजली. हे मोजताना बघायला हवं, एवढंसं पोर, दंड आपल्या अंगठ्याएवढा, पाय काटक्या, आणि पाठीवर मात्र चिमटीत चरबी चांगली येते. वजन पाऊण किलोने कमी, दंड-पोट बारीक, म्हणजे स्नायू आणि आतले अवयव छोटे, पण पाठीची चरबी गोऱ्या बाळाच्या जवळपास. बारीक पण चरबीवालं बाळ. नाळेच्या रक्तातलं इन्शुलिनही आपल्या बाळांमध्ये जास्त सापडलं.

याच डॉक्टरांचा एक फोटो वैद्यकीय जगात फार गाजला, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर दोघं सारखेच आणि आत दुपटीहून जास्त फरक. आपल्याकडे ‘अहो ते तर एवढे बारीक, त्यांना कशी शुगर झाली’ असं जे लोक म्हणतात ना, तुझ्या वडिलांबद्दलही कुणीतरी म्हटलंच असेल, त्याचं उत्तर बरंचसं या चिमटीत आहे. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी, किडनीची गाळणी, स्नायूंचे तंतू, यांचा पाया पोटात असतानाच पडतो. किडनीची गाळणी तर जन्माच्या थोडं आधी जेवढी झाली तेवढीच, नंतर नवीन होत नाहीत. सामान कमी पडलं की बाळ मेंदू आधी सांभाळतं आणि बाकीचं काटकसरीत उरकतं. ब्रिटनमध्ये हेल्स आणि बार्कर या संशोधकांनी १९९२ मध्ये हे काटकसरीचं गणित मांडलं, आणि त्याच्याही आधी बार्करनी हर्टफोर्डशायरच्या नर्सबायांनी १९११ पासून वहीत लिहून ठेवलेली बाळांची वजनं शोधून काढून दाखवलं होतं की जन्मतः आणि पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्यांमध्ये मोठेपणी हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त.

आता म्हणशील मग सासूबाई बरोबर ना, भरपूर खावं आणि बाळ मोठं करावं. इथेच थांब.

त्याच सहा गावांत बायका काय खातात तेही मोजलं होतं. दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रोटीन, आणि काम मात्र विहिरीवरून पाणी आणणं, खुरपणी, सगळं. बाळाच्या वजनाचा संबंध कॅलरींशी जुळेल असं सगळ्यांना वाटलं होतं आणि तो जुळला नाही. जुळला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या बायका मेथी-शेपू-चाकवत रोजच्या रोज खात होत्या, फळ खात होत्या, त्यांची बाळं मोठी. भात-भाकरी जास्त असून उपयोग नाही, त्याबरोबर काय आहे ते महत्त्वाचं. घर बांधताना नुसत्या विटांचे ढीग आणून टाकले आणि सिमेंट आणलंच नाही तर भिंत कशी उभी राहणार, तसं आहे हे.

माझ्या टेबलावर तीन वाट्या असतात, छोटी मधली मोठी. पेशंटला विचारते काल काय खाल्लं, आणि प्रत्येक वस्तूला वाटी दाखवायला लावते. मागच्या पावसाळ्यात शिरूरकडची एक मुलगी आलेली, सातवा महिना, चेहरा पांढरा पडलेला, सासू बरोबर. सासू म्हणाली मॅडम ही सारखी खात असते. मी म्हटलं सांग बाई. सकाळी चहा आणि चार बिस्किटं. अकराला दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. दुपारी परत चहा, खारी. संध्याकाळी भात आणि वरण. वरण किती? तिने सगळ्यात छोटी वाटी उचलली आणि बोटाने अर्ध्यावर खूण केली. वरणाचं वरचं पाणी. पालेभाजी? आठवड्यातून एकदा, तीही घरात सगळ्यांचं झाल्यावर उरली तर. दूध? चहातलं. फळ? दवाखान्यात आलं की केळं. सासू खोटं बोलत नव्हती गं, पोरगी खरंच सारखी खात होती, पण सगळं पांढरं आणि गोड. हिमोग्लोबिन ७.८ आणि ग्लुकोज पाजून केलेली शुगर १५२. भूक भागलेली आणि अंग उपाशी, दोन्ही एकाच बाईत. आमच्या ओपीडीत हे आठवड्याला दिसतं.

तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते कारण घर माळकरी आहे. बी१२ जीवनसत्त्व. हे वनस्पतीत नसतं, पालेभाजीत नाही, डाळीत नाही, इडलीच्या आंबवलेल्या पिठावर भरवसा ठेवण्यासारखं नाही. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण यातच असतं. पुण्याच्या अभ्यासात जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायकांचं बी१२ कमी निघालं. आणि ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा ज्यांच्या आईचं बी१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिड) जास्त होतं त्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं, २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फॉलिक ॲसिड आणि बी१२ ही जोडीने काम करणारी जीवनसत्त्वं आहेत, बाळाच्या डीएनएवर कुठल्या जीनचं बटण चालू ठेवायचं कुठलं बंद करायचं याच्या खुणा करायला दोघांची गरज लागते, आणि आपल्याकडे फॉलिकची गोळी सगळ्यांना मिळते, बी१२ कुणी बघत नाही. म्हणून फॉलिकची गोळी बंद करू नकोस हं, चुकूनही नाही, बाळाच्या वाढीसाठी ती लागतेच, पण डॉक्टरांना स्पष्ट विचार की माझं बी१२ तपासायचं का आणि गोळी सुरू करायची का. आणि ५ मिलिग्रॅमची फॉलिकची गोळी दिली असेल तर तेही विचार, कारण नेहमीचा डोस अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ५ ची गोळी मुख्यतः ज्यांना आधीच्या बाळाला मणक्याचा दोष होता, फिटची औषधं चालू आहेत, आधीपासून शुगर आहे अशांसाठी असते. माळ घातली म्हणून काही बिघडत नाही, वारकरी घरात दूध-दही चालतंच की, फक्त ते चहातून बाहेर काढून पेल्यात आणायचं. सकाळी एक पेला दूध, दुपारी वाटीभर घट्ट दही, आणि गोळी. गोळीने व्रत मोडत नाही, सासूबाईंना हे माझं नाव सांगून सांग.

वजनावरून एक गोष्ट राहिली, लोक बाळाचं वजन चांगलं आलं की सुटलो असं समजतात. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची नाकेबंदी केली होती, रेशन दिवसाला हजार कॅलरीच्या खाली आलं, काही आठवडे तर पाचशेच्या आसपास. तेव्हा ज्या बायका सुरुवातीच्या महिन्यांत होत्या आणि नंतर अन्न मिळायला लागलं त्यांची बाळं जन्मतः नॉर्मल वजनाची होती. तरी तीच माणसं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात हृदयविकार जास्त, कोलेस्टेरॉल बिघडलेलं. आणि जी बाळं मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिली त्यांच्यात मोठेपणी साखर जिरवण्याची ताकद कमी. साठ वर्षांनी रक्त तपासलं तर दिवस राहण्याच्या सुमारास दुष्काळ भोगलेल्यांच्या डीएनएवरच्या खुणासुद्धा त्यांच्या बहीणभावांपेक्षा वेगळ्या होत्या. म्हणून मी वजनाच्या आकड्याला फार डोक्यावर घेत नाही, वजन हा आतल्या कामाचा फार ढोबळ हिशोब आहे.

गोडाबद्दल आपल्या घरात कुणाला बोलायला आवडत नाही, डोहाळजेवणाचे पेढे, माहेरून आलेले लाडू, पण बोलते. ब्रिटनमध्ये युद्धानंतरही साखरेवर रेशन होतं, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि माणशी साखर दिवसाला चाळीसएक ग्रॅमवरून जवळजवळ दुप्पट झाली. २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात अभ्यास आला, ज्यांचा पोटातला काळ आणि पहिली दोनेक वर्षं रेशनमध्ये गेली त्यांच्यात पुढे टाइप टू मधुमेह साधारण ३५ टक्के कमी आणि ब्लड प्रेशर २० टक्के कमी, थोड्याच महिन्यांनी उशिरा जन्मलेल्यांच्या तुलनेत. आणि त्या फायद्यातला साधारण तिसरा हिस्सा नुसत्या पोटातल्या महिन्यांचा. चाळीस ग्रॅम म्हणजे आठ चमचे, म्हणजे साखर तोडायची नाहीये, आवरायची आहे. आणि गूळ म्हणजे साखरच, गुळाने शुगर वाढत नाही हे चूक आहे. अळिवाचे लाडू जरूर खा, लोह चांगलं असतं त्यात, पण एक खा, रोज तीन नको. दुधात घालायच्या गरोदर बायकांच्या पावडरी आणल्या असतील तर डब्यामागे साखर किती ते वाच, बऱ्याच डब्यांत ती दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला असते. त्यापेक्षा दुधाबरोबर मूठभर शेंगदाणे खा.

तर तू काय करायचंस. चौथ्या महिन्यापासून तुला रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक मोठी पोळी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध, बस, दोघांचं जेवण नाही. तू मुळात बारीक आहेस त्यामुळे महिन्याला दीड-दोन किलो वाढायला हवं, वाढत नसेल तर सांग, आणि आईला सांग की उपाशी राहून सिझर टळत नाही, बारीक बाईने खाणं तोडलं की बाळाचे स्नायू तुटतात, डोकं नाही. रोज एक पालेभाजी, आणि ती आधी तुझ्या ताटात वाढली जायला हवी, शेवटी उरलेली नाही, हे नवऱ्याला सांग, त्याने स्वतः वाढावी. मेथी, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला, चवळई, जी मिळेल ती. दोन्ही जेवणात डाळ-उसळ घट्ट, वरणाचं पाणी नाही. भाकरी-पोळी आलटून पालटून, नाचणी-ज्वारी घरात आहेच. एक फळ, आवळा-पेरू स्वस्त आणि उत्तम. लोहाची गोळी चहाबरोबर अजिबात नको, तासभर आधी-नंतर चहा नाही, लिंबूपाण्याबरोबर घे, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. संकष्टी-एकादशीला साबुदाणा खिचडी आणि बटाट्यावर दिवस काढणं या नऊ महिन्यांत नको, तो निव्वळ स्टार्च आहे. उपास करायचाच असेल तर राजगिरा, दूध, दही, शेंगदाणे, फळं अशावर कर, किंवा सरळ पुढच्या वर्षी. विठ्ठल समजून घेईल असं मला मनापासून वाटतं. जेवल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फिर, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर.

आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट. तुझ्या घरात दोन्हीकडे शुगर आहे म्हणून ही पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती, झाली नसेल तर या आठवड्यात कर. पाण्यात घोळून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त, १४० किंवा वर आली तर प्रेग्नन्सीतली शुगर. आता नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायची, बहुतेकींना तेव्हाच निघते. निघाली तर घाबरू नकोस, निम्म्याहून जास्त बायकांची आमच्याकडे ताट बदलून आणि चालूनच आटोक्यात येते, आणि इन्शुलिन लागलं तर ते घ्यायचं, ते बाळापर्यंत जात नाही, बाळाला वाचवतं.

एक गोष्ट मात्र मनात ठेवू नकोस, की काही झालं तर माझ्या खाण्यामुळे. सुरुवातीचे तीन महिने तुला उलट्या झाल्या, काही गेलं नाही, असं तू लिहिलंस आणि त्याचं तुला वाईट वाटतंय ते मला दिसलं. ज्या बीजापासून तू झालीस ते तुझ्या आईच्या पोटात तयार झालं तेव्हा तुझी आईच तुझ्या आजीच्या पोटात होती, म्हणजे आजीच्या काळात घरात काय शिजत होतं इथपर्यंत हा धागा जातो. एका बाईच्या तीन महिन्यांवर हे सगळं लादणं हा अन्याय आहे आणि मी तो ओपीडीत रोज होताना बघते, बाळ बारीक आलं की सासर म्हणतं हिने खाल्लं नाही, जाड आलं की हिने जास्त खाल्लं. खरं तर हे काम लग्नाआधी, मुली शाळेत असतानाच सुरू व्हायला हवं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांना दिवस राहायच्या आधीपासून पालेभाजी, फळं, दूध घातलेला रोजचा नाश्ता देऊन बघितला होता, आणि बटाटा-कांद्याचा नाश्ता मिळालेल्या बायकांशी तुलना केली. प्रेग्नन्सीतली शुगर १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आली. बाळांचं वजन मात्र ज्यांनी निदान तीन महिने आधीपासून खाल्लं होतं त्यांच्यातच वाढलं, तेही सरासरी ४८ ग्रॅम. म्हणून तुझी धाकटी बहीण किंवा नणंद असेल तर तिच्याही ताटात आजपासूनच भाजी वाढ.

बाळंतपण झाल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळावर जातं आणि आईची फाइल कपाटात जाते. प्रेग्नन्सीत शुगर निघाली असेल तर दीड महिन्याने तुझी ७५ ग्रॅमची टेस्ट परत करायची असते आणि आमच्याकडे दहातल्या सात-आठ जणी ती करायला येतच नाहीत. बाळाचा दीड महिन्याचा डोस त्याच सुमारास असतो, म्हणून मी आता लसीच्या कार्डावर त्या तारखेपुढे पेनाने ‘आईची शुगर’ असं लिहून देते. तुझं कार्ड मिळालं की तूही लिहून ठेव.